माइकवर घेतलेलं नाव

माइकवर मी ते नाव घेतलं आणि तिसऱ्या बाकावरची एक म्हातारी उठून उभी राहिली. माझ्या हातात चिठ्ठी होती ती एका गवंड्याची. डोळ्यात चुना उडालेला हा माणूस मघापासून पुकारूनही येत नव्हता, बहुतेक चहाला गेला असावा, म्हणून मी त्याची चिठ्ठी बाजूला सरकवत होतो आणि माइकचं बटण माझ्याच कोपराखाली दबून राहिलं होतं. त्याच वेळी ते माझ्या तोंडून गेलं. आडनाव नाही, खोलीचा नंबर नाही, नुसतं ते नाव, घरी पाळण्यावर वाकून म्हणावं तसं हळू. भिंतीवरच्या सगळ्या भोंग्यांतून ते बाहेर पडलं आणि हॉल क्षणभर गप्प झाला, कारण आमच्या हॉलमध्ये कोणी कोणाला अशी हाक मारत नाही. आणि ती उठली. गुडघ्यांवर हात टेकून, दमानं, पण जराही शंका नसल्यासारखी उठली आणि खिडकीकडे चालू लागली. गेलं, म्हटलं. हेही नाव गेलं.

मी डोळ्यांच्या दवाखान्यात नावं पुकारतो. तसा फलक आहे आमच्याकडे, त्यावर लाल आकडे पळत असतात, पण बुबुळं मोठी करायचे थेंब घातलेल्या माणसाला समोरचा दरवाजा धड दिसत नाही, आकडा काय दिसणार, कप्पाळ. म्हणून खिडकी, खिडकीत माइक आणि माइकमागे मी. सकाळपासून मी जितकी नावं घेतो तितकी एखादा भाविक देवाचीही घेत नसेल, आणि पुण्य शून्य. संध्याकाळी घसा बसलेला असतो आणि जगातलं एकही नाव चांगलं वाटत नाही. कोणी तरी कौतुकानंच ठेवलेली असतात ती, पण माझ्यापर्यंत येईस्तोवर प्रत्येकाला मोतीबिंदू नाहीतर काचबिंदू झालेला असतो. अशा माणसाच्या घरी मुलगी झाली. उशिरा झाली, आम्ही दोघांनी आशा सोडून, सोडल्याचं दुःखही संपवून, आता आपण दोघंच असं पक्कं करून टाकल्यावर झाली. तिला अजून नाव नव्हतं. 'ती उठली', 'तिनं दूध टाकलं', असंच आमचं चाललं होतं. बाबा तिला 'पाहुणी' म्हणत. आई जाऊन वर्ष झालं नव्हतं तेव्हा ही पाहुणी आलेली, त्यामुळे बाबांच्या मनात काय आहे हे आम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं, आणि गेल्या आठवड्यात त्यांनी ते बोलून दाखवलं. रविवार संध्याकाळपर्यंत तुमचं ठरलं तर ठीक, नाहीतर पाहुणीला तुझ्या आईचं नाव. मी बरं म्हटलं. नाही म्हणायलाही अंगात त्राण लागतं. आणि आज तोच रविवार होता, आमच्याकडे रविवारीही डोळे तपासतात.

एकमत झालेलं होतं. कालच झालं होतं, काल पाळण्याच्या दोन्ही बाजूंना बसून मी आणि बारकीनं ते नाव आळीपाळीनं म्हणून पाहिलं होतं आणि दोघांच्याही तोंडून 'नको' आलं नव्हतं. बारकी म्हणजे माझी बायको. माझ्यापेक्षा बोटभर उंचच आहे, पण माहेरचं शेंडेफळ, म्हणून बारकी ती बारकीच राहिली, लग्नात बारकी, रोपवाटिकेत कामाला लागली तिथे बारकी, आता केसांत पांढरं आलं तरी बारकी. म्हणून तिचा पहिला नियम असा की नाव तोडता येता कामा नये. माणसं आळशी असतात, ती म्हणायची, नाव दिलं की त्याचा शेंडा खुडतात आणि उरलेल्या बुंध्याला आयुष्यभर हाका मारतात. दुसरा नियम, नावात गृहपाठ नको. म्हणजे त्यात विद्या नको, विजय नको, कीर्ती नको, कुठल्या राणीचं नको, की मुलगी उभ्या जन्मात ते पुरं करत बसेल. माझा एक साधा नियम होता, दमलेल्या आवाजात बरं वाटलं पाहिजे. कित्येक नावं अशी असतात की ती घ्यायला छातीत भरून हवा लागते. ती माझ्या कामाची नव्हती. आणि मग माझा खरा नियम, ज्याच्यापुढे बारकीनं हात टेकले: आपल्याला माहीत असलेल्या कोणाचंही नाव नको. जिवंत नको, मेलेलं नको, लांबच्या ओळखीतलंही नको. बोलायला सोपं आहे हे. करायला गेलं की कळतं आपण किती माणसं ओळखतो आणि त्यांतली किती आपल्याला आवडत नाहीत. हे माझ्या मावसबहिणीचं, ती चोंबडी. हे तुझ्या मालकिणीचं. हे गेल्या महिन्यात डोळ्याचा पडदा सुटलेल्या त्या बाईचं. नाव ठेवायला बसायचो आणि अख्ख्या गावाला नावं ठेवून उठायचो. पहिल्यांदा आम्ही हसलो, मग हसू येईनासं झालं. बारकीनं लहानपणापासून मनात जपलेलं एक नाव होतं, भातुकलीतल्या बाहुलीला ती तेच म्हणायची. ते मी घरमालकाच्या मुलीचं म्हणून उडवलं. त्या मुलीला मी जिन्यात एखाददुसऱ्या वेळी पाहिलं असेल. बारकी उठली आणि कपडे वाळत घालायला गेली. दोरीवर ती लंगोट झटकत होती त्याचा आवाज मी आत बसून ऐकत होतो आणि तरीही माझा नियम मागे घेत नव्हतो.

कारण माझं नाव माझ्याआधी काकाचं होतं. बाबांचा धाकटा भाऊ. पोहायला गेला तो परत आला नाही, आणि मी झालो तेव्हा नाव घरात तयारच होतं. थोरल्याचा सदरा धाकट्याला घालावा तसं मला त्यात घातलं. मी काकाला पाहिलेलं नाही, फोटोत आहे तेवढाच, कंबरेवर हात ठेवून उन्हात डोळे बारीक केलेला. पण बाबा मला हाक मारायचे तेव्हा, मी पलीकडच्या खोलीतून येईपर्यंत, ते दाराकडे बघत असायचे, आणि मी दारात आलो की त्यांचा चेहरा उतरायचा. किंचितच. दुसऱ्या कोणाला दिसलंही नसतं. मारलं नाही त्यांनी कधी, कशाला कमी केलं नाही, मी आजारी पडलो तर उशाशी बसून राहायचे. फक्त दरवेळी हाक मारून झाल्यावर उतरायचे, कारण आलेला मी असायचो. मला ते फार लवकर कळलं. मग मी हाकेला उशिरा जाऊ लागलो, आतूनच 'काय' म्हणून ओरडू लागलो, म्हणजे त्यांना दाराकडे बघायला लागू नये आणि मला ते बघायला लागू नये. लोक म्हणायचे, पोरगं उद्धट आहे. मला याचा राग आहे. इतक्या वर्षांनी, त्यांच्या दाढीचे खुंट पांढरे झाले, त्यांना चमच्यानं औषध मी पाजतो, तरीही आहे. आणि आता पाळण्यातल्या त्या मुठीएवढ्या चेहऱ्याकडे बघून ते आईचं नाव घेणार, आणि ती मान वळवणार, आणि त्यांचा चेहरा उतरणार. ती शहाणी असेल तर तिलाही लवकरच कळेल. आईवर माझा जीव होता म्हणून तर मला ते नको होतं. आईचं नाव आईबरोबर गेलं, ते तिचं होतं.

तर काल बारकीनं ते नाव आणलं, तिच्या कामावरून, हाताला माती असतानाच. एका वेलीचं नाव. रोपवाटिकेत तिला कोणी विकत घेत नाही, कारण ती लावावी लागतच नाही, कुठल्याही भिंतीच्या कडेला आपण होऊन उगवते, बारीक निळं फूल येतं, दुपारी मिटतं. माळी तिला उपटून टाकतात. "असलं नाव कोण ठेवणार माणसाला?" बारकी म्हणाली. "म्हणून विचारतेय." मी ते म्हणून पाहिलं. घसा बसलेला होता तरी ते आलं, श्वासावर तरंगत आल्यासारखं आलं. तोडता येत नव्हतं. गृहपाठ नव्हता त्यात. कोणाचा चेहरा आठवतो का म्हणून मी डोळे मिटून पाहिलं तर कोणाचाच नाही, नुसती एक भिंत आणि तिच्यावर निळं काही तरी. इतकं बरं वाटलं मला की मी बारकीच्या मातीच्या हाताला हात लावून बसून राहिलो. उद्या संध्याकाळी बाबांना सांगू, ठरलं. आणि आज मी गवंड्याची चिठ्ठी बाजूला करताना ते माइकमध्ये सांडलं.

म्हातारी खिडकीशी आली. चेहऱ्यावर सुरकुत्या, पण डोळे स्वच्छ, आमच्याकडे येणाऱ्यांचे असे नसतात.

"तुमचा नंबर नाही, आजी," मी म्हणालो. "चुकून पुकारलं गेलं."

"माझा नसणारच. मी यांच्याबरोबर आलेय." तिनं मागे हात केला. बाकावर एक म्हातारा डोळे मिटून, मांडीवर टोपी धरून, थेंब मुरायची वाट बघत बसला होता. "पण नाव माझं घेतलंत तुम्ही."

"दुसऱ्या एकीचं होतं ते."

"याच नावाच्या?"

"हो."

तिनं वळून सगळ्या हॉलवर नजर फिरवली, एकेका बाईवर थांबत. मग परत माझ्याकडे बघितलं. "कुठाय ती? नाही म्हणजे, माझ्या नावाची बाई मी अजून बघितलेली नाही."

"येईल. बाहेर गेली असेल," मी म्हणालो आणि पुढची चिठ्ठी उचलली. खोटं बोलल्याची लाज वाटायला हवी होती. मला त्या क्षणी फक्त तिनं खिडकीपासून बाजूला व्हावं असं वाटत होतं.

ती जाऊन बसली, आणि तिथून पुढचा सगळा वेळ माझ्या जिवाला घोर. मी एखाद्या बाईचं नाव पुकारलं, ती उठली, की म्हातारी भुवया उंचावून माझ्याकडे बघायची: ही का? मी मान हलवायचो: नाही. गवंडी आला, एका डोळ्यावर रुमाल धरून, चहाचा वास घेऊन, त्याला खोली दोनमध्ये धाडलं. एक मास्तरीण आली, एक शिंपीण आली. ही का? नाही. दाराबाहेर कोणी चप्पल काढताना दिसली तरी तिची मान वर व्हायची. दुसऱ्या कोणी इतक्या आतुरतेनं वाट बघितली असती तर मी म्हटलं असतं बिचारी डॉक्टरची वाट बघतेय. आणि माझं आत वेगळंच चाललं होतं. बारकीला सांगायचंच कशाला? कोण म्हातारी, कुठली, उद्या यायचीही नाही. ओळखीतलीच धरायची म्हटली तर इथे येणारी सगळीच ओळखीची. असं मी स्वतःशी घोकत होतो, आणि मधूनच त्या दोरीवर झटकलेल्या लंगोटाचा आवाज कानात यायचा. घरमालकाच्या मुलीला मी हिच्यापेक्षा कमीच पाहिलं होतं. तिच्याशी तर बोललोही नव्हतो. नियम माझा, त्याच्याखाली बारकीची बाहुली गेली, आणि आता माझ्यावर आलं तर वाकडी वाट शोधायची. पण बारकीला सांगावं तर आज संध्याकाळी बाबा, आणि आईचं नाव, आणि मग जन्मभर ते उतरणं, यावेळी माझ्या मुलीच्या वाट्याला. कुठूनही गेलं तरी घोडं तिथेच अडत होतं. मला इतकं थकल्यासारखं झालं की एक चिठ्ठी मी दोनदा पुकारली आणि एक पुकारलीच नाही.

म्हाताऱ्याची पाळी आली. मी त्याचं नाव घेतलं, तिनं त्याला दंडाला धरून आत नेलं, बऱ्याच वेळानं बाहेर आणलं. तोवर दुपार कलली होती, झाडूवाली बाकांखालून फिरत होती, हॉलमध्ये चुकार दोघं-तिघं उरले होते. म्हाताऱ्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, उजेड सोसवत नव्हता, तो दाराशी टोपी डोळ्यांवर ओढून उभा राहिला. ती मात्र त्याला सोडून परत खिडकीशी आली.

"आली का हो ती?"

मी माइकचं बटण बंद आहे ना ते आधी पाहिलं. खोटं बोलायलाही उमेद लागते आणि माझी संपली होती. "ती घरी आहे, आजी," मी म्हणालो. "माझी मुलगी आहे. पाळण्यात आहे अजून."

तिला समजायला जरा वेळ लागला. मग तिचं तोंड उघडंच राहिलं. "आणि तिचं हे नाव?"

"ठेवणार होतो, आज. आता नाही ठेवता येत."

"का? काय झालं?"

"आमचा नियम आहे," मी म्हणालो, आणि म्हणतानाच ते किती खुळचट आहे ते मला ऐकू आलं. "कोणाचं वापरलेलं नाव नको. माझं स्वतःचं वापरलेलं आहे. त्रास होतो त्याचा."

मला वाटलं ती हसेल, नाहीतर तोंड वाकडं करून निघून जाईल. तिनं दोन्ही हात खिडकीच्या कट्ट्यावर ठेवले आणि विचार केला. शेजारणीनं भांडं मागितलं तर आपल्याला लागतं का ते बाई आठवून बघते, तसा केला.

"मग घ्या की," ती म्हणाली. "मी कुठे फारसं वापरलंय ते. आमच्या भिंतीवर ती वेल होती म्हणून वडलांनी ठेवलं. शाळेत मास्तरांनी घेतलं असेल थोडंफार. मग लग्न झालं. मग सूनबाई, मग वहिनी, मग आई, मग काकू, आता ज्याच्या त्याच्या तोंडी आजी. तुम्हीसुद्धा आजीच म्हणालात. आणि हे..." तिनं दाराकडे बघितलं. "यांनी जन्म सगळा 'अगं'वर भागवला. अगदी नवंच आहे हो ते. मघाशी तुम्ही हाक मारलीत ना, मला वाटलं, चला, आपलं काम आहे कोणाचं तरी."

"अगं," दारातून म्हातारा म्हणाला, "बोलतेस कोणाशी?"

"बघा," ती मला म्हणाली. मग जरा पुढे वाकली. "एकदा परत म्हणता का? त्या भोंग्यातनं नको. असंच."

दिवस संपत आला होता, माझा आवाज फाटक्या गोणपाटासारखा झाला होता. त्या आवाजात मी ते नाव घेतलं.

"ओ," ती म्हणाली. आणि पदर सावरून नवऱ्याचा दंड धरायला गेली. मी खिडकीची झडप ओढली, आत अंधारात बसलो आणि मला रडू आलं. थोडंच आलं, फार रडायलाही जीव राहिला नव्हता.

घरी पोचलो तेव्हा बारकी दारातच होती, खांद्यावर ती झोपलेली. मी चप्पल न काढता सगळं सांगून टाकलं, माइक, म्हातारी, ती काय म्हणाली ते, आणि घरमालकाच्या मुलीचंही बोललो, की ते माझं चुकलं होतं, तुला तेच हवं असेल तर अजून वेळ आहे. बारकीनं सगळं ऐकून घेतलं. मुलीच्या पाठीवरचा तिचा हात तेवढा चालू होता.

"बाहुलीचं बाहुलीलाच राहू दे," ती म्हणाली. "फारसं वापरलेलं नाही म्हणाली का ती?"

"अगदी नवंच आहे म्हणाली."

"हं." बारकीनं मुलीला माझ्याकडे दिलं आणि पायातल्या सपाता सरळ केल्या. "माझंही तसंच पडून आहे म्हणा." एवढं बोलून ती आत चहा ठेवायला गेली. मला तिचं खरं नाव आठवायला क्षणभर लागला, आणि तो क्षण मला लागला हे तिला पाठमोरीलाही कळलं असणार.

बाबा खुर्चीत तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा घातला होता, म्हणजे आईचं नाव आज घरात परत येणार याची त्यांना खात्री होती. मी मुलीला पाळण्यात ठेवलं आणि नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलं. चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला, परत घातला.

"हे कोणाचं?"

"तिचंच."

"आपल्यात कोणी नव्हती या नावाची."

"नव्हती, बाबा."

"मग हाक मारताना डोळ्यांपुढे कोण आणायचं?" त्यांनी विचारलं. रागावून नाही. खरोखरच माहीत नसल्यासारखं विचारलं, रस्ता विचारावा तसं. इतकी वर्षं मी ज्याचा राग धरून बसलो होतो तो माणूस हा एवढाच होता.

"पाळण्यात बघा," मी म्हणालो.

ते उठले. पाळण्याच्या कडेला धरून वाकले, आणि त्यांच्या औषधानं जड झालेल्या जिभेनं ते नाव घेतलं. एकदा अर्धवट, मग नीट. तिनं डोळे उघडले, त्यांच्या चष्म्यावर उजेड पडला होता तिकडे पाहिलं. मी दारात उभा होतो, लहानपणी उभा राहायचो तसाच, आणि बाबांच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तो उतरला नाही.